पायऱ्यांच्या विहिरीतला भुंगेरा

ऐन वैशाखाच्या तोंडावर आम्ही वऱ्हाडात जाणार हे ऐकून शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "कुणी आजारी आहे का तिकडे?" लोक उन्हाळ्यात थंड हवेला जातात, आंबे खायला कोकणात जातात. मोताळ्याजवळच्या एका खेड्यात तिळाएवढा पाणकिडा बघायला कुणी जात नाही. मी तसं सांगितलंही नाही. "कॉलेजचं काम आहे," एवढंच म्हणाले.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बरोबर वन्सं होत्या. यजमानांना रजा नव्हती, आणि एकट्या सुनेला इतक्या लांब धाडायचं सासूबाईंच्या मनाला येईना. तेव्हा माझी ही थोरली नणंद आपण होऊन म्हणाली, "मी जाते. मला काय, इथे बसून पापड लाटायचे तर तिथे बसून किडे बघेन." वन्सं तरुणपणीच विधवा झाल्या आणि तेव्हापासून आमच्याकडेच असतात. शिवणाचे वर्ग घेतात. कुणाच्याही घरात शिरून घटकाभरात त्या घरच्या होतात. हे मला या जन्मात जमणार नाही.

या प्रवासाचं मूळ म्हणजे त्या खेड्यातल्या शाळेचे शेख मास्तर. आदल्या वर्षी उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या शास्त्र-शिक्षकांचं शिबिर आमच्या कॉलेजात भरलं होतं. पाण्यातले किडे कसे पकडायचे, कसे टिकवायचे, हे मी त्यांना दाखवलं होतं. बाकीचे घरी जाऊन विसरले असावेत. शेख मास्तरांनी मात्र दिवाळीनंतर पोस्टानं एक बाटली पाठवली. गावच्या बारवेतून जाळीनं काढलेले किडे त्यात होते. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर; पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येतं. बाटलीतले बहुतेक किडे नेहमीच्या ओळखीचे होते. एक नव्हता.

पाण्यात बुडी मारणारे हे भुंगेरे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेले असतात. डबक्यातून काळा ठिपका वर येतो, शेपटीचं टोक पाण्याबाहेर काढून पंखांखाली हवेचा बुडबुडा भरून घेतो आणि पुन्हा खाली जातो. मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, वल्ह्यांसारखे. यांतल्या लहान जाती इतक्या सारख्या दिसतात की बाहेरून बघून नाव सांगणं कठीण. मास्तरांच्या बाटलीतला मधाच्या रंगाचा होता, पाठीवर तपकिरी आडव्या लाटा. माझ्याजवळच्या कुठल्याच वर्णनाशी तो जुळेना. या किड्यांत हयात घालवलेले एक वृद्ध संशोधक कलकत्त्यात आहेत. त्यांनी तपासून कळवलं की जात नवी असावी. पण ही मादी आहे, तीही एकच, आणि मादीवरून खात्री देता येत नाही. नर मिळवा, आणि तो राहतो कसा ते डोळ्यांनी बघा.

मास्तरांना विचारलं तेव्हा उत्तर आलं, "आखाजीच्या आत या." आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया. आतच का, ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

मलकापूर

रात्रभराच्या गाडीनं आम्ही सकाळी मलकापूरला उतरलो. सूर्य नुकता वर आला होता, तरी फलाटाची फरशी तापू लागली होती. पुण्याचा उन्हाळा दुपारी येतो आणि संध्याकाळी जातो. इथला मुक्कामाला असतो.

मोटार-स्टँडवर एका शिपायानं आम्हाला हटकलं. "बाई, थैलीत काय हाये? दारूचा वास येऊन राह्यला."

माझ्या पिशवीत स्पिरिटच्या बाटल्या होत्या. किडे त्यातच टिकतात. एकीचं बूच प्रवासात सैल झालं असावं. दारूबंदीचे दिवस. कॉलेजच्या शिक्क्याचा परवाना ट्रंकेच्या तळाशी, आणि भोवती हां हां म्हणता पंधरा-वीस माणसं जमलेली. ट्रंक उघडायला वाकले तर किल्ली सापडेना.

वन्सं पुढे झाल्या. "अहो, मास्तरीण आहे ती. मेलेले किडे बुडवून ठेवते त्यात. खोटं वाटत असेल तर घ्या, एक घोट पिऊन बघा. पण मग आम्हाला जबाबदार धरू नका."

शिपायानं बाटली उजेडाकडे धरली. नमुना म्हणून आणलेला एक मोठा काळा भुंगेरा तिच्यात पाय वर करून तरंगत होता. "अरे बाप्पा!" म्हणत त्यानं बाटली परत दिली. पुढे त्यानंच आमची ट्रंक मोटारीच्या टपावर चढवली आणि कंडक्टरला बजावलं, "बाईले समोर बसव. सोबत औषध हाये." किड्याचं औषध कसं झालं ते मला कळलं नाही, पण पुढची जागा मिळाली.

मोताळ्याच्या पुढे

मोताळ्यापर्यंतचा रस्ता काळ्या मोकळ्या रानातून जातो. कापूस केव्हाच वेचून झालेला, उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडांचे, ढीग बांधाला रचलेले, आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. पुण्याकडे नजर कुठेतरी डोंगराला अडते. इथे ती अडत नाही. दक्षिणेला घाटाची निळी रेघ दिसते, बुलढाणा तिच्यावर आहे म्हणतात, पण त्या उन्हात ती रेघही विरघळत होती.

मोताळ्याला शेख मास्तर सरपंचांची दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी, वर छप्पर घातलेली गाडी. मास्तर सडपातळ, चाळिशीचे, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. त्यांनी आम्हा दोघींच्या हातात एकेक कांदा दिला. "खिशात ठेवा बाई, ऊन लागत नाई." वन्सं म्हणाल्या, "पातळाला खिसा कुठला हो?" आणि कांदा कनवटीला खोवला.

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तसं मी तिथल्या सरपंचांना कबूल केलं आहे.

सरपंच भिकाजीराव पाटील दारातच उभे होते. "या बाई, या. लय तकलीफ झाली असन तुमाले." धाब्याचं मोठं घर. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट छत. उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा एकदमच आला. पाय धुवायला पाणी, मग गूळ, मग चहा. चहा पिता पिता डोळे अंधाराला सरावले, तेव्हा आतल्या खोलीत बाजेवर पडलेली एक तरुण बाई दिसली. उजवा पाय उशीवर, घोट्याभोवती फडकं. फडक्याबाहेर एक बारीक काडी होती आणि काडीभोवती पांढऱ्या सुतासारखं काही गुंडाळलेलं.

"माही सून, सिंधू," भिकाजीराव म्हणाले. "नारू झाला तिले."

नारू मी पुस्तकात वाचला होता, वर्गात शिकवला होता. माणसाच्या पायात पाहिला नव्हता. कातडीखालून हातभर लांब जंत फोड फोडून बाहेर येतो. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजतो, सडतो. रोज काडीला एक वेढा, दोन वेढे. सिंधूला दोन आठवडे झाले होते.

वन्सं केव्हाच तिच्या उशाशी जाऊन बसल्या होत्या. "दुखतं का गं फार?"

"बसल्यावर दुखत नाई. उठलं का आग होते," सिंधू म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुमी किड्याच्या बाई ना? माह्या पायातला नका नेऊ म्हंजे झालं." आणि स्वतःच हसली.

ओसरीवर

आखाजीच्या आत या, असं मास्तरांनी का कळवलं होतं ते दुपारी जेवताना उमगलं.

जेवण साधं आणि जबरदस्त होतं: ज्वारीची भाकर, बेसन, लाल मिरच्यांचा ठेचा, फोडलेला कांदा. बेसन म्हणजे आपलं पिठलंच, पण आपण त्याला पिठलं म्हणावं इतकं ते मवाळ नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तसं भिकाजीरावांच्या मंडळींनी माझ्या भाकरीवर तेलाची धार धरली. वन्संचं सोवळं भुसावळच्या फलाटावरच सुटलं होतं. त्या मुकाट्यानं दुसरी भाकर घेत होत्या.

"बारवेचा गाळ काढायचा हाये," भिकाजीराव म्हणाले. "पायऱ्या बंद करायच्या. आखाजीच्या आत भित घालून वर कठडा अन् राहाट बसवायचा. उद्याच इंजिन येते पानी उपसाले."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी भाकरीचा तुकडा उगाचच मोडला.

हे काम मुळात त्यांनीच लावून धरलं होतं. आरोग्य खात्याचा माणूस येऊन सांगून गेला, की नारूचा रोगी पायरीवर उतरून पाण्यात पाय घालतो, तिथून रोग पाण्यात जातो आणि त्या पाण्यातून सगळ्या गावात. तो गेला आणि गाव विसरलं. मास्तर विसरले नाहीत. वाडवडलांनी बांधलेल्या पायऱ्या बुजवायला म्हातारी माणसं तयार नव्हती. दोर-बादलीचा खर्च, खांद्याला रग, अशा बायकांच्या तक्रारी. वर्षभर मास्तर घरोघर फिरले. शेवटी सरपंचांच्याच सुनेला नारू झाला तेव्हा पंचायतीत ठराव झाला. आणि त्याच वर्षात, त्याच बारवेत, मास्तरांना तो भुंगेरा सापडला होता.

जेवणं झाली, पान-सुपारी झाली. भिकाजीराव घसा खाकरून म्हणाले, "बाई, मास्तर सांगत होते का तुमचा किडा त्याच बारवेत हाये, अन् तो पाह्याले हप्ता तरी लागते. तुमी इतक्या लांबून आल्या. मी काय म्हंतो, आठ दिवस थांबतो आमी. गावात दोन लग्नं हायेतच. लग्न उरकले का गाळ काढू. कोनी काई म्हननार नाई."

अगदी सहज बोलले ते. पाहुण्याला आणखी एक भाकर वाढावी तसं.

आठ दिवसांत मला सगळं मिळालं असतं. नर, माद्या, अळ्या, अंडी. सकाळी ते कुठे असतात, संध्याकाळी कुठे. एका नव्या जातीचं पुरं आयुष्य. अशी संधी माझ्यासारख्या कॉलेजातल्या बाईला पुन्हा मिळत नाही. आणि ती मागावीही लागली नव्हती.

पण नारूचं जीवनचक्र मी दरवर्षी फळ्यावर काढते. पाण्यातल्या सूक्ष्म जंतांना डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक प्राणी खातो, तो प्राणी पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो, आणि वर्षभरानं हातभर नारू पायातून बाहेर येतो. विहीर आटते तेव्हा, म्हणजे नेमक्या याच दिवसांत, पाणी सर्वांत वाईट असतं. आठ दिवस थांबायचं म्हणजे आठ दिवस सगळ्या गावानं तेच पाणी प्यायचं. शिवाय दोन लग्नांची वऱ्हाडं. गावोगावची माणसं येणार, पंगतीत पाण्याचे तांबे फिरणार. पुढच्या वैशाखात त्यांतल्या कुणाच्या पायाला आग होईल हे मला नावानिशी सांगता आलं नसतं, पण होईल हे त्या ओसरीवर माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसतं तर मी हो म्हणाले असते.

वन्सं आतून माझ्याकडे बघत होत्या. सिंधू छताकडे बघत पडली होती.

"नको," मी म्हणाले. "उद्याच सुरू करा."

बोलल्यावर मला मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही.

"मंग बसल्या काऊन?" आतून सिंधूचा आवाज आला. "उजेड हाये तवरिक जा ना बारवेवर!"

बारवेवर

गावाबाहेर चिंचेच्या दोन झाडांखाली ती बारव आहे. काळ्या दगडाची, चौकोनी, एका बाजूनं उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या. मधल्या टप्प्यावर भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा. उतरताना एकेक पायरीगणिक हवा गार होत गेली. खाली हिरवट पाणी होतं, आणि दोन बायका घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवत होत्या.

मास्तर माझी जाळी घेऊन मागून येत होते. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "बाई, तुमी नाई म्हनल्या ते बरं झालं. मले म्हनता आलं नसतं." आणि पुढे, "माह्या जिंदगीत एकच नवी गोष्ट सापडली, अन् तिचंच घर मीच मोडून राह्यलो."

मी खाली बघत होते, आणि शेवाळ धरलेल्या पायरीवर माझा पाय सटकला. कमरेपर्यंत पाण्यात गेले. जाळीची दांडी मोडली. बायका घागरी टाकून धावल्या. "मायबाई! धरा वं बाईले!" त्यांनी मला दंडाला धरून वर काढलं, आणि माझ्या ओल्या पातळाच्या काठाला, शेवाळाच्या झुपक्यात, मधाच्या रंगाचे दोन ठिपके वळवळताना मी पाहिले.

मग कळलं, मास्तरांना वर्षभरात एकच का मिळाला. ते खोल पाण्यात जाळी फिरवत होते. भुंगेरे राहत होते पाण्याखालच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर, शेवाळाच्या गादीत, जिथे दुपारचं ऊन तिरपं येऊन पोचतं. मी पायरीवर बसले आणि नुसती बघत राहिले. एकेक भुंगेरा शेवाळातून सुटे, तिरका वर येई, शेपटीचं टोक क्षणभर हवेला टेकवी, आणि चांदीचा मणी पोटाशी धरल्यासारखा बुडबुडा घेऊन त्याच वाटेनं खाली जाई. घाई नाही, भीती नाही. त्यांना उद्याची कल्पना नव्हती. मला होती. ऊन पायरीवरून सरकेपर्यंत मी तिथून हलले नाही.

मास्तरांनी चहाच्या गाळणीनं शेवाळ धुऊन पंधराएक भुंगेरे धरले. घरी येऊन भिंगाखाली पाहिले. नरांच्या पुढच्या पायाची बोटं रुंद, पसरट असतात. यांतल्या एकाचीही नव्हती. सगळ्या माद्या.

गाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन आलं. त्याच्या धडधडीनं चिंचेवरचे पोपट उडून गेले ते परत आले नाहीत. जाड नळातून पाणी उसळून शेजारच्या शेताच्या पाटात पडू लागलं.

"या पाण्यातून जातील ना तुझे किडे?" वन्संनी विचारलं.

"जातीलच."

त्या घरी गेल्या आणि आपलं जुनं मऊ पातळ घेऊन आल्या. पाटाच्या तोंडाशी दोन बायकांना दोन टोकं धरायला लावली, पाणी त्यातून गाळून पुढे जाऊ लागलं. मधूनमधून पातळाच्या झोळीतला ऐवज पांढऱ्या परातीत ओतायचा, मी निवडायचं. चिरडलेली शेवाळं, बेडकाची पिलं, नाना तऱ्हेचे किडे, आणि मधेच माझे मधाळ ठिपके. बरेचसे नळातून येताना मोडलेले.

सिंधूनं घरी राहायला नकार दिला होता. तिला दमणीतून आणून चिंचेखाली बाजेवर बसवलं होतं. ती म्हणाली, "मले दाखवा ना, काय पाहून राह्यल्या ते."

मी भिंग तिच्या हाती दिलं. तिला पाठीवरच्या लाटा दिसल्या. "बाप्पा! लुगड्याच्या काठावानी हाये." मग परातीच्या कडेला बोट दाखवून, "अन् हे काय टुणटुण उड्या मारून राह्यले?"

ते तिळाचा दहावा भाग असतील नसतील एवढे करडसर ठिपके होते. मी परात तिच्या जवळ सरकवली. मग सांगितलं, "हाच तो. याच्या पोटातून नारू आपल्या पोटात जातो."

सिंधूनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मग तिनं पातळाकडे पाहिलं, पातळातून गळून जाणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"म्हंजे हा फडक्यातून जात नाई."

"दुपदरी फडक्यातून नाही जात."

"मास्तर सांगत होते, पानी गाळून प्या. आमाले वाटे, पानी तं निर्मळ दिसते, गाळाचं काय हाये त्याच्यात?" तिनं पायाच्या काडीला हळूच बोट लावलं. "एवढुसाच हाये वं."

वन्संनी तेव्हाच ठरवलं असावं. निघताना त्यांनी ते पातळ धुऊन, चार तुकडे करून, कडा दुमडून शिवून सिंधूला दिलं.

दुपारपर्यंत मला नर मिळाला नव्हता. पाणी तळाला गेलं, इंजिन हवा ओढून खोकू लागलं आणि बंद पडलं. एकदम शांत झालं. माणसं घमेली घेऊन गाळात उतरली, त्यांत भिकाजीराव स्वतः धोतर खोचून. तळाच्या कोपऱ्यात दगडांच्या सापटीत थोडं पाणी उरलं होतं. तिथून ते ओरडले, "बाई! हितं तुमच्या किड्यायची जत्रा भरली! बादली सोडा!"

पाणी उतरत गेलं तसे जिवंत उरलेले सगळे तिथे गोळा झाले होते. बादली वर आली. मी चिंचेच्या सावलीत बसून एकेक भुंगेरा काचेवर घेतला. तिसऱ्याच्या पुढच्या पायाची बोटं रुंद होती.

मी काच उचलून मास्तरांना दाखवली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि गाळानं माखलेल्या हातानं स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारली.

काचेखाली

पुढचे दोन दिवस गवंडी पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत चढवत होते आणि मी पाटलांच्या ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडून बसले होते. दिवा नव्हता; आरशानं ऊन आत घ्यायचं. ऊन सरकलं की मीही सरकायची. दोन सुयांनी नराच्या पोटातला एक अगदी बारीक अवयव बाहेर काढायचा, कारण खरी ओळख तिथेच असते. जवळच्या जातींत त्याचं टोक सरळ असतं. याचं चिमट्यासारखं आत वळलेलं होतं. दुसरा नर पाहिला, तिसरा पाहिला. प्रत्येकाचं तसंच. छातीच्या मागच्या काठाला दोन्ही बाजूंना बारीक खाच होती, तीही जवळच्या जातींत पंखांपर्यंत उतरते, इथे आधीच थांबत होती. जात वेगळी होती. जगात कुणीही तिला नाव दिलेलं नव्हतं.

मास्तरांनी काचेत डोकावून पाहिलं, बाजूला झाले, पुन्हा पाहिलं. "अल्लाची करनी," ते हळूच म्हणाले. "इतकुशा जीवाचं इतकं बारीक काम."

"काय नाव ठेवसान?" भिकाजीरावांनी विचारलं.

मी म्हणाले, "पद्धत अशी आहे, की पुष्कळदा गावाचं नाव देतात."

त्यांचा चेहरा उतरला. "बाई, ते नका करू. आधीच नारूचं गाव म्हंते लोकं. पोरी द्याले तयार नाई होत. त्याच्यात अजून किड्याचं गाव झालं तं आमचे पोट्टे बिनलग्नाचे राहातीन."

"पण कुठे सापडला ते लिहावंच लागतं."

त्यांनी विचार केला. "इंग्रजीत लिहा. तिकडचा कोनी काई सोयरीक घेऊन येनार नाई. पन मराठीत नका लिहू."

तो शब्द मी पाळते आहे. नाव म्हणून मी लॅटिनमधला 'पायऱ्यांवर राहणारा' अशा अर्थाचा शब्द निवडला. पुण्याला आल्यावर चित्रं काढली, वर्णन लिहिलं, कलकत्त्याच्या वृद्ध गृहस्थांनी ते तपासून पसंत केलं. शोध कुणी लावला त्या ठिकाणी शेख मास्तरांचं नाव आहे. सगळं सुरळीत झालं. अडले फक्त एका ठिकाणी. किडा कुठे राहतो, त्याची हकीगत लिहायची असते. 'पायऱ्यांच्या विहिरीत, पाण्याखालच्या शेवाळात राहतो' असं लिहिलं आणि पेन थांबलं. राहतो की राहत होता? जवळच्या नळगंगा नदीच्या डोहांत आम्ही एक सकाळ शोधलं, दुसरे भुंगेरे मिळाले, हा नाही. आसपासच्या कुठल्या बारवेत असेलही. मला माहीत नाही. शेवटी मी 'राहतो' असंच ठेवलं. ते शास्त्राला धरून आहे की माझ्या मनाला, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

आखाजी

आखाजीच्या दिवशी पाटलांकडे खापरावरचे मांडे झाले. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर, आणि हातावर झुलवून झुलवून परातीएवढी केलेली पुरणाची पोळी. आपली पुरणपोळी पोळपाटावर लाटतात म्हटल्यावर बायका हसल्या. वन्संनी एक मांडा करून पाहिला. तो कोपरापर्यंत आला आणि फाटला. सगळं स्वयंपाकघर हसलं, त्याही हसल्या. सोबत आंब्याचा रस होता.

आमची मोटार दुपारची होती. निघण्याआधी भिकाजीराव म्हणाले, "बारवेवर चाला. पानी आलं."

भिंत उभी राहिली होती, अजून ओली. वर दगडी कठडा आणि नवा राहाट. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पायऱ्या भिंतीआड गेल्या होत्या. तळाशी झऱ्यांचं पाणी दोन पुरुष खोल भरलं होतं, गाळ काढल्यामुळे स्वच्छ, त्यात आभाळाचा तुकडा.

सिंधू काठी टेकत आली होती. नारू आदल्या दिवशी पुरता बाहेर पडला होता. पाय सुजलेला होता, पण ती उभी होती. पहिली बादली तिच्या नवऱ्यानं ओढली. राहाट नवा होता, करकरला. बादली कठड्यावर आली तशी सगळी माणसं मागे सरली. भिकाजीराव म्हणाले, "पयलं पाहुन्याले."

सिंधूनं पितळी पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. माझी सवय वाईट. पेला तोंडाला लावण्याआधी मी तो उन्हाकडे तिरपा केला आणि आत पाहिलं. ते टुणटुण उडणारे ठिपके नव्हते. वर येऊन हवा घेऊन जाणारं मधाच्या रंगाचं कुणी नव्हतं. तळापर्यंत नुसतं पाणी. मी जरा जास्तच वेळ बघत राहिले असेन, कारण मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली.

मी सगळा पेला प्यायले.

"कसं हाये?" सिंधूनं विचारलं.

"गोड आहे," मी म्हणाले. आणि ते खरोखरच गोड होतं.